डाव्या दारावरचे चार टवके

गाडीवरचा डाग डोळ्यांनी शोधायचा नसतो, तळव्याने शोधायचा असतो. तळवा ओला करायचा, डोळे मिटायचे आणि पत्र्यावरून सावकाश फिरवायचा. जिथे रंगाचा टवका उडालेला असतो तिथे तळवा अडतो, भातात खडा लागावा तसा. हे मला ताराचंद उस्तादांनी शिकवलं, नागपूरच्या महालातल्या त्यांच्या शेडमध्ये. आता माझे डोळे गेल्यात जमा आहेत, पण तळवे अजून शाबूत आहेत. बसा, लाईट यायला अवकाश आहे. तो कंदील जरा बाजूला सरकवा, तोंडावर उजेड असला की माझ्याच्याने हे बोलवत नाही.

तुम्ही मघाशी विचारलंत, चंद्रभान सगळी गाडी रंगवायचा, मग मागचं डावं दार तेवढं दुसऱ्याकडे का द्यायचा? लोकांनी याच्यावर बऱ्याच कंड्या पिकवल्या आहेत. कोणी म्हणतं नवस आहे, कोणी म्हणतं आळस आहे. नवस तर नक्कीच नाही. माझ्या बापाने छप्पन साली दीक्षा घेतली, त्या दिवशी आमच्या घरातून देव आणि भुतं एकदमच बाहेर पडली. मी अंगारा लावत नाही, गिऱ्हाइकाच्या गाडीला लिंबू-मिरची बांधलेली असली तर काम करण्याआधी ती सोडून ठेवायचो. म्हणून ही गोष्ट सांगताना मला माझीच लाज वाटते. पण घडलं ते घडलं.

चौऱ्याहत्तर सालचा एप्रिल होता. खापरखेड्याला मनोहरराव म्हणून कोळशाचे एक ठेकेदार होते. वीज केंद्राच्या वसाहतीच्या थोडं अलीकडे त्यांचा बंगला. त्यांची अँबेसेडर होती, फिकट अस्मानी रंगाची. एक दिवस ते स्वतः रिक्षाने शेडवर आले.

"अंगावर बारीक बारीक टवके आहेत गा चंद्रभान. घरी येऊन भरून दे."

"गाडी इथंच आणा न साहेब. सारं सामान इथं आहे."

"नाही, तूच ये. अखजीले पोरीचं लग्न आहे, ती याच गाडीत सासरी जाईन. चार दिवसात मोकळं करून दे."

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली होती. गाडी दाखवायला हा माणूस का कचरतो, असं मनात आलं, पण श्रीमंतांच्या तऱ्हा आपण कुठवर मोजणार. दुसऱ्या दिवशी नंदनवनातल्या घरून सकाळी निघालो, एसटीने खापरखेड्याला उतरलो. खांद्यावरच्या झोळीत खड्डे बुजवायची पुटी, प्रायमर, थिनर, रंगाचे चार डबे आणि पाणीपेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा तो काळा कागद. आमचं काम दिवसाचं असतं. दिव्याखाली रंग जुळत नाही, त्याला ऊनच लागतं. लोक सांगतात की असले प्रकार रात्री घडतात. माझ्या बाबतीत सगळं भरदुपारी घडलं, झाडांच्या सावल्या बुंध्यापाशी गोळा होतात त्या वेळी.

बंगल्याच्या मागे टिनाची शेड होती, तिच्यात गाडी उभी. खापरखेड्यात त्या काळी सगळ्यांवर राखेचा पातळ थर असायचा, पानांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, चहाच्या कपात. गाडीवरही होता. मी गाडी धुतली, तळवा ओला केला आणि सुरुवात केली. बॉनेटवर गिट्टी उडून पडलेले नऊ टवके, मडगार्डवर तीन. किरकोळ काम होतं. मग मागच्या डाव्या दारापाशी आलो.

काचेच्या खाली चार टवके होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर, आणि प्रत्येक टवका खालच्या बाजूला थोडा ओढलेला. गिट्टीचा टवका असा पडत नाही. त्यावरून हात फिरवताना आणखी एक गोष्ट कळली. टिनाखाली सगळा पत्रा इतका तापला होता की तळवा टेकवत नव्हता, पण ही चार ठिकाणं गार होती. माठाच्या बुडाला हात लावावा इतकी गार.

त्यांचा ड्रायव्हर धोंडबा शेडच्या तोंडाशी विडी ओढत बसला होता. त्याला विचारलं, "हे कशाचे गा?"

"बाभळीचे काटे लागले असतीन," तो म्हणाला. विडी अर्धी होती, ती विझवून तो उठून गेला.

मी खड्ड्यांत पुटी भरली, सुकू दिली, घासली, वरून प्रायमर मारला आणि संध्याकाळच्या एसटीने घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेटवरची, मडगार्डवरची पुटी दगडासारखी बसली होती. डाव्या दारावरची चारही ठिकाणं उघडी होती. भरलेली पुटी खाली जमिनीवर पडली होती, चार पातळ, वाकडे तुकडे, कापलेली नखं पडतात तसे. कोणी खरवडून काढली असती तर तिचा भुगा झाला असता. हे अख्खे तुकडे होते. आणि रात्रीत गाडीवर पुन्हा राख बसली होती, सगळीकडे सारखी. फक्त त्या दारावर काचेपासून खालपर्यंत एक पट्टा स्वच्छ होता, एक माणूस अंग टेकवून उभं राहिलं तर पुसला जाईल एवढा रुंद.

मला वाटलं, घरातलं कोणी टेकलं असेल. पुटी सुटण्याचा दोष मी प्रायमरच्या जुन्या डब्याला दिला. नवा डबा फोडला आणि पुन्हा भरायला बसलो.

बारा वाजता मनोहररावांची मुलगी पन्हं घेऊन आली. सुमती तिचं नाव, वीस-एकवीस वर्षांची, बारीक अंगाची. दोन दिवसांवर लग्न आलेल्या मुलीच्या चेहऱ्यावर जे काही दिसायला हवं ते तिथे काहीच नव्हतं. ती गाडीच्या उजव्या बाजूने आली आणि उजव्याच बाजूला थांबली. पेला टपावर ठेवून तिने माझ्याकडे सरकवला. मी मनात म्हटलं, बरं आहे, या घरात निदान एक तरी माणूस मला काचेच्या पेल्यात देतं. कालचा चहा मला अंगणातल्या बिनदांड्याच्या कपात मिळाला होता.

"दादा," ती म्हणाली, "हे चार राहू द्या न."

"काहून ताई? साहेबांनी तर याच्याचसाठी बोलावलं मले."

ती हलक्या आवाजात बोलायला लागली, घराकडे पाहत पाहत.

"मागच्या भादव्यातली गोष्ट आहे. रुपराव म्हणून एक माणूस बाबांच्या कामावर होता. कोळशाचा ढीग घसरला अन् तो खाली दबला. त्याची बायको प्रयागबाई, ती धावत आली. आम्ही नागपूरले निघालो होतो. बाबा पुढे, मी मागे, या दाराशी. ती म्हणे, साहेब, याले गाडीत घ्या, दवाखान्यात न्या, जीव आहे अजून. बाबा म्हणाले, कव्हरं नवीन आहेत, मागून ट्रक येऊन राहिला, त्याच्यात टाका. अन् मले म्हणाले... काच वर कर."

"मग?"

"मी केली."

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"धोंडबाने गाडी काढली. ती दाराले धरून धावत आली, रेल्वे फाटकापर्यंत. मी काचेतून तिचं तोंड पाहून राहिली होती, एवढ्याशा अंतरावरून. मग एकदम तोंड दिसलंच नाही. मी म्हटलं, बाबा, थांबा. बाबा थांबले नाहीत... नवरा त्याच संध्याकाळी गेला. ती रात्री गेली. डोकं फुटलं होतं."

शेडचं टिन उन्हाने तडतडत होतं. मला मनोहररावांचा इतका संताप आला की हातातला पेपर मी चुरगाळून टाकला. ती पुढे म्हणाली,

"तेव्हापासून गाडी चालू झाली की मले समजते. ती धावून राहिली, दाराले धरून. मी मुद्दाम याच दाराशी बसते, काच पक्की लावून. कोणी खाली करू नये म्हणून. तिची पकड बाहेर आहे, तोवर ती बाहेर आहे दादा. तुम्ही तिची पकडच बुजवली तर ती कुठी जाईन?"

"ताई, मेलेलं माणूस येत नसते."

"मी बी असंच म्हणत होती," ती म्हणाली. "नाहीच ऐकलं बाबांनी, तर एक करा. काच तेवढी खाली करू नका."

ती गेली. तुम्हाला खरं सांगतो, त्या वेळी मला भीती वाटली नाही, तिची कीव आली. वाटलं, पोरीच्या मनाला लागलं आहे. पाप बापाचं आणि ओझं हिच्या डोक्यावर. सासरी जाईल, चार माणसांत रमेल, विसरेल. मी पुटी भरून टाकली आणि संध्याकाळी घरी आलो. रात्री मात्र जेवण गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी चारही तुकडे पुन्हा जमिनीवर होते.

मी ते हातात घेऊन पाहत होतो तेवढ्यात मनोहरराव आले. तेही उजव्याच बाजूला थांबले, हे मी पाहिलं.

"महालातला एक नंबरचा कारागीर म्हणून आणलं तुले, अन् चार टवके बसत नाहीत तुह्याच्यानं?"

"साहेब, ही जागा राहू द्या. वरून एखादी पट्टी मारून देतो, शोभून दिसन."

"पट्टी काहून मारली म्हणून लोक विचारतीन!" त्यांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "हे पाय गा चंद्रभान. मले ते डाग दिसले नाही पाहिजे. उद्या लग्न आहे. तुले जमत नसन तर सांग, मी दुसरा कारागीर पाहतो."

इथे माझी चूक झाली. त्या मुलीचं ऐकून मी झोळी उचलायला हवी होती. पण दुसरा कारागीर म्हटल्याबरोबर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा वर्षांत माझी पुटी कधी सुटली नव्हती, आणि इथे चार नखाएवढे टवके मला वाकुल्या दाखवत होते. मी म्हटलं, "आज संध्याकाळी पाहून घ्या साहेब."

दुपारी घरची सगळी मंडळी वसाहतीतल्या कोणाकडे केळवणाला गेली. बंगल्यात एक म्हातारी मोलकरीण आणि शेडमध्ये मी. बाहेर लूचा गरम वारा सुटला होता. राखेचा एक लोट अंगणातून फिरत आला आणि विहिरीपाशी जाऊन बसला. मग सगळं शांत झालं, इतकं की पाणीपेपरची खरखर मलाच मोठी वाटायला लागली.

या वेळी मी रंग आजूबाजूने पार पत्र्यापर्यंत उतरवला. उघड्या पत्र्यात चार खळगे स्पष्ट दिसायला लागले. खळग्यांची ओळ काचेच्या पट्टीच्या अगदी खाली होती, तिथे पेपर पोचेना. दाराची कड घासायची तर काच खाली घ्यावीच लागते, आमच्या कामाची ती रीतच आहे. मला सुमतीचं बोलणं आठवलं. मी उठून उभाही राहिलो. मग माझाच मला राग आला. म्हटलं, चंद्रभान, बापाने दीक्षा घेतली ती काय तू काचेला भ्यावंस म्हणून? आत हात घालून मी हँडल फिरवलं आणि काच अर्धी खाली घेतली.

कड घासून झाली. खळगे थोडे वर उचलले असते तर पुटी पातळ लागली असती, म्हणून मी आतून एका हाताने दाब दिला आणि बाहेरून दुसऱ्या हाताची चार बोटं त्या चार खळग्यांत ठेवली. बोटं बरोबर बसली. थोडी मोठी होत होती, पण बसली. डोळे मिटले.

आता आमची एक सवय सांगतो. पोचा काढताना ताराचंद उस्ताद पत्र्याशी बोलायचे. पान्हा चोरणाऱ्या गाईशी बोलतात तसं, चुचकारून. "सोड वं माय, सोड." त्यांच्या हाताखालून गेलेल्या आम्हा सगळ्यांच्या तोंडात ते बसलं होतं. पोचा काढायला घेतला की तोंडातून आपसूक यायचं, मनात काही नसायचं.

मी म्हटलं, "सोड वं माय. सोड आता."

टक्क.

पत्रा माझ्या बोटांखाली वर आला. नुसता आला नाही, कोणी हातातलं सोडून द्यावं तसा सुटला. चारही ठिकाणं एकदम तापली, बाकीच्या पत्र्यासारखी, बोटं भाजली माझी. आणि त्याच वेळी आत, मागच्या सीटची स्प्रिंग एकदा कुरकुरली.

ओल्या कोळशाचा वास आला. एप्रिल महिन्यात, त्या भट्टीत, पावसात भिजलेल्या कोळशाचा वास...

मी डोळे उघडले. सीटवर कोणी नव्हतं. पांढऱ्या कव्हरावर मधोमध बसल्यासारखा खळगा होता. मी तो वर यायची वाट पाहिली. गादी फुगून वर यायला कितीसा वेळ लागतो? मी तिथे उभा राहून मनात शंभरपर्यंत मोजले. खळगा तसाच होता.

मी घाईघाईने काच वर केली. का केली ते आजही सांगता येत नाही. माझ्या हातांनीच केली म्हणा. नंतर कित्येकदा वाटलं की मी ती उघडी ठेवून पळून जायला हवं होतं, मग कदाचित आलेली वाट तिला परत जायला राहिली असती. मी काच लावली आणि आतली आत कोंडली.

पुटी त्या दिवशी लोण्यासारखी बसली. उन्हात रंग जुळवला, मारला, संध्याकाळी पॉलिशच्या कंपाउंडने घासून चमक आणली. मनोहररावांनी दुरून पाहिलं, मग जवळ येऊन पाहिलं, मग पहिल्यांदाच त्या दाराला हात लावला. "वा गा!" म्हणाले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. अंगणाच्या पायरीवर सुमती उभी होती. हाताला हळद लागली होती. ते सगळे आत गेल्यावर ती दोन पावलं पुढे आली.

"दादा... काच खाली केली होती का?"

"नाही," मी म्हटलं.

तिच्या चेहऱ्यावरचा ताण जरा उतरला. त्या एका शब्दासाठी मी स्वतःला कधी माफ केलेलं नाही. खरं बोललो असतो तर ती त्या गाडीत बसली नसती. आकांत केला असता, लग्न मोडलं असतं, काय वाट्टेल ते झालं असतं, पण बसली नसती.

लग्न दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लागलं. पाठवणी त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. गाडीवर शेवटचा हात मारायला मला थांबवून घेतलं होतं. सुमतीबरोबर पाठराखीण म्हणून तिची आत्या जायची होती, पण रात्री आत्याला लू लागली, उलट्या सुरू झाल्या. आयत्या वेळी दुसरी कोणी बाई तयार होईना. शेवटी ठरलं की सासर काटोलला, काही लांब नाही, पाठराखिणीशिवाय चालेल. नवरदेव वडीलधाऱ्यांसमोर लाजला आणि पुढे धोंडबाशेजारी जाऊन बसला. मागच्या सीटवर उजवीकडे सुमतीची ट्रंक ठेवली. मधली जागा मोकळी. सुमतीला तिच्या आईने डाव्या दाराने आत बसवलं.

बायका रडत होत्या. मी मागे, पेरूच्या झाडाखाली फडकं घेऊन उभा होतो. गाडी सुरू झाली. सुमतीने बाहेर आईकडे पाहिलं नाही. तिने मान वळवून शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. पाहतच राहिली. मग दाराकडे अंग चोरून थोडी सरकली, बसमध्ये कोणी शेजारी आलं की आपण जागा करून देतो तशी.

मी हाका मारत धावलो. धोंडबाला वाटलं असेल की कारागीर बक्षिशीसाठी धावतो आहे. गाडी रेल्वे फाटकाकडे वळून गेली.

आठ दिवस मी शेडमध्ये होतो आणि नव्हतो. नवव्या दिवशी दुपारी अस्मानी गाडी महालातल्या गल्लीत येऊन थांबली. मनोहरराव उतरले. आठ दिवसांत त्यांचे गाल आत गेले होते. त्यांनी खिशातून एक पत्र काढून माझ्या हातात दिलं. व्याह्यांचं होतं, वळणदार अक्षरातलं.

बरंचसं मानपानाचं होतं. खाली लिहिलं होतं: "सूनबाई खुशाल आहेत, कामाला वाघीण आहेत. मात्र त्यांच्यासोबत आलेल्या पाठराखीण बाई आठवडा होत आला तरी परतीचं नाव काढत नाहीत. घरचीच माणसं समजून आम्ही काही म्हणत नाही. परंतु त्या जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, दिवसभर सूनबाईंच्या मागे उभ्या असतात, आणि रात्री त्यांच्या खोलीचं दार आतून लावून घेतात. त्यांच्या डोक्याची जखमही बरी होत नाही. तरी कृपा करून गाडी पाठवून त्यांना घेऊन जावे."

मी शेवटच्या ओळी पुन्हा वाचल्या.

"आम्ही पाठराखीण धाडलीच नव्हती गा..." मनोहरराव म्हणाले. "कोणालेच नाही धाडलं."

मी पत्राची घडी करून त्यांच्या हातात ठेवली.

"चंद्रभान, ते चार डाग परत पाड. होते तसेच्या तसे. तू भरले, तूच उकर. तिले धरायले जागा करून दे बाहेरून... मी पाया पडतो तुह्या."

आणि खरंच वाकले. त्या माणसाला वाकलेलं पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मी पटाशी घेतली आणि त्या दारापाशी बसलो. तळवा ओला करून जागा शोधली. माझंच काम इतकं सफाईचं की मलाच ती जागा सापडेना. मग अंदाजाने रंग खरवडला, प्रायमर खरवडला, पुटी यायची वाट पाहिली. पुटी आलीच नाही. प्रायमरखाली सरळ पत्रा होता. मी वीतभर खरवडलं, हातभर खरवडलं, पूर्ण दार उघडं केलं. पत्रा आरशासारखा सपाट होता, जसा कारखान्यातून निघतो तसा. त्याला कधी कोणाचं नख लागलंच नव्हतं.

"लागली का जागा?" मनोहररावांनी विचारलं.

"साहेब... इथं काहीच नाही."

त्यांनी स्वतः तिथे हात फिरवला. मग तसेच गाडीला टेकून खाली बसले, गल्लीतल्या धुळीत, पांढरं धोतर नेसून.

दुसऱ्या दिवशी धोंडबा ती खरवडलेल्या दाराची गाडी घेऊन काटोलला गेला आणि रिकामाच परत आला. मी त्याला गाठून विचारलं. तो म्हणाला, "दोघी बी ओसरीवर होत्या. सुमतीताई म्हणाल्या, आम्ही नाही येत. मी वर पाहिलंच नाही भाऊ, खाली पाहूनच ऐकलं." एवढं बोलून त्याने तोंड फिरवलं. पुढच्या महिन्यात त्याने मनोहररावांची नोकरी सोडली.

मनोहरराव मुलीकडे कधीच गेले नाहीत. तिच्या आईने किती विनवलं, तरी नाही गेले. मी जाईन जाईन म्हणत राहिलो आणि मीही गेलो नाही. भित्रा माणूस दुसऱ्याला भित्रा म्हणू शकत नाही, म्हणून त्यांना मी काही म्हणत नाही.

दिवाळीनंतर शेडच्या पत्त्यावर मला एक पोस्टकार्ड आलं. अजून आहे माझ्याजवळ, त्या पत्र्याच्या पेटीत. मला वाचायला दिसत नाही, पण पाठ आहे.

"चंद्रभानदादांस सुमतीचा नमस्कार. तुम्ही काच खाली केली होती, हे मला त्याच सकाळी गाडीत समजलं. मनाला लावून घेऊ नका. ती मला त्रास देत नाही. रात्री पुष्कळ बोलते, मी ऐकते. आम्ही दोघी खुशाल आहोत आणि बाबांची वाट पाहत आहोत. ते येतील असं ती म्हणते. तिला घाई नाही."

खाली सुमतीची सही होती. आणि सहीच्या शेजारी, लिहिता न येणारी माणसं कागदावर करतात तशी, शाईत उमटवलेली अंगठ्याची खूण. तिच्या बाजूला सुमतीच्याच अक्षरात लिहिलं होतं: निशाणी डावा अंगठा, प्रयागबाई रुपराव.